वाढत्या स्टार्टअपसाठी पहिला इंजिनिअरिंग मॅनेजर कसा निवडावा

पर्वरी, पणजी, वेर्णा किंवा मडगाव येथे दोन-तीन मित्रांनी सुरू केलेली सॉफ्टवेअर कंपनी दहा-बारा अभियंत्यांपर्यंत पोचली, की संस्थापकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कामाची वाटणी, नव्या मुलांना शिकवणे, रजा, पगारवाढ, दोघांमधला वाद मिटवणे हे सगळे तोवर संस्थापकच करत आलेले असतात. आता गिऱ्हाइके आणि गुंतवणूकदार सांभाळून ते जमेनासे होते आणि इंजिनिअरिंग मॅनेजर नेमण्याची चर्चा सुरू होते. बहुतेक ठिकाणी ही चर्चा लगेच जाहिरातीकडे आणि बायोडेटांकडे वळते. माझे म्हणणे असे आहे की, या निवडीची सुरुवात संस्थापकांनी स्वतःपासून करायला हवी. आपल्या हातातले कोणते अधिकार आपण खरोखर सोडणार आहोत, हे आधी ठरले पाहिजे; ते न ठरवता केलेली नेमणूक, माणूस कितीही चांगला असला तरी, सहसा टिकत नाही.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण सोबत घेऊ. पर्वरीत एक कंपनी आहे. ती लहान हॉटेले आणि गेस्ट हाउस यांच्यासाठी आरक्षणाची प्रणाली बनवते. बारा अभियंते आहेत, दोन संस्थापक आहेत. एक विक्री पाहतो, दुसरी तांत्रिक बाजू पाहते. धंद्याचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च, आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा सर्वांत जोखमीचा. पुढील सूचना अशा आकाराच्या कंपनीला उद्देशून आहेत.

वेळ आली आहे, हे कसे ओळखावे

पाच-सहा अभियंते असताना पूर्णवेळ मॅनेजर नेमू नये. तेवढ्या लोकांसाठी त्या व्यक्तीला पुरेसे काम नसते. मग ती एक तर दिवसभर कोड लिहीत बसते, नाही तर नको असलेल्या बैठका भरवू लागते. तेथे एखादा अनुभवी टेक लीड, म्हणजे तांत्रिक बाजूचे नेतृत्व करणारा अभियंता, पुरतो. संख्या वाढते तसे चित्र झपाट्याने बदलते, कारण माणसांपेक्षा माणसामाणसांतले दुवे अधिक वेगाने वाढतात. पाच जणांत आपसांतील १० जोड्या होतात, बारा जणांत ६६. एकाने घेतलेला निर्णय दुसऱ्याला ठाऊक नसणे, एकच काम दोघांनी करणे, कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेल्या कोडची दुसऱ्याने करायची तपासणी, चार दिवस पडून राहणे या गोष्टी म्हणूनच सुरू होतात; त्यांत कोणाचा आळस नसतो.

त्याहून खात्रीची खूण वेगळी आहे. एखादा चांगला अभियंता राजीनामा देतो आणि त्याच्या नाराजीचे कारण संस्थापकांना त्या दिवशीच पहिल्यांदा कळते, असे घडले असेल, तर मॅनेजरची जागा काही महिन्यांपूर्वीच तयार झालेली होती असे समजावे. मॅनेजरशिवायच चालवून पाहू, असे काही संस्थापक म्हणतात. गूगलने २००२ मध्ये अभियांत्रिकी विभागातील मॅनेजरांची फळी काढून टाकण्याचा प्रयोग केला होता. खर्चाच्या मंजुरीपासून आपसांतील भांडणांपर्यंतचे प्रश्न थेट सहसंस्थापक लॅरी पेज यांच्यापर्यंत जाऊ लागले आणि प्रयोग काही महिन्यांतच आटोपता घ्यावा लागला. त्याच कंपनीने पुढे ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या अंतर्गत अभ्यासात चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणे काढली, तेव्हा लोकांना घडवण्याची हातोटी पहिल्या क्रमांकावर आली आणि तांत्रिक कौशल्य आठव्या. त्या क्रमाकडे प्रत्येक संस्थापकाने थांबून पाहावे, कारण आपण बहुधा ही यादी उलटी धरून माणूस शोधत असतो.

काय सोडायचे, ते आधी लिहून काढावे

पहिल्यांदा पदांचा घोळ मिटवावा. टेक लीड तांत्रिक निर्णयांची जबाबदारी घेतो आणि स्वतः कोड लिहितो. इंजिनिअरिंग मॅनेजर लोकांची आणि काम वेळेवर पार पडण्याची जबाबदारी घेतो. सीटीओ, म्हणजे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी, पुढील दोन-तीन वर्षांत तंत्रज्ञान कोणत्या दिशेने न्यायचे ते पाहतो आणि बहुतेक लहान कंपन्यांत तो संस्थापकांपैकीच एक असतो. तिन्ही कामे एकाच जाहिरातीत कोंबली, तर येणारी व्यक्ती यांपैकी आपल्याला आवडणारे एक काम करील आणि उरलेली दोन पुन्हा संस्थापकांकडे परत येतील.

त्यानंतर दोघा संस्थापकांनी एक दुपार मोकळी काढून, फोन बंद ठेवून, एका कागदावर निर्णयांची यादी करावी. नव्या अभियंत्याची निवड कोण करणार? पगारवाढ कोण ठरवणार? काम नीट न करणाऱ्याला निरोप देण्याचा अंतिम शब्द कोणाचा? रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याची तारीख, रात्रीच्या ऑन-कॉलची, म्हणजे बिघाड झाल्यास फोनवर हजर राहण्याची पाळी, सर्व्हरवरील आणि सॉफ्टवेअरच्या परवान्यांवरील खर्च, कोणी कशावर काम करायचे, जुना कोड दुरुस्त करण्यासाठी किती वेळ द्यायचा, ही सगळी त्या यादीत यावीत. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: निर्णय कोण घेणार, कोणाचा सल्ला घेणार आणि कोणाला केवळ कळवणार. खर्चाच्या बाबतीत रक्कमही लिहावी. ‘योग्य तो खर्च’ अशा शब्दांवर पुढे हमखास वाद होतो.

हा कागद तयार करताना संस्थापकांमधले मतभेद बाहेर येतात, आणि ते याच वेळी बाहेर येणे हिताचे असते. आपल्या उदाहरणातील विक्री पाहणारे संस्थापक कळंगुटच्या एका हॉटेलमालकाला नाताळाआधी नवी सोय देण्याचा शब्द देऊन येतात. मॅनेजरचे मत असे पडते की, १५ डिसेंबरनंतर प्रणालीत कोणताही मोठा बदल करणे धोक्याचे आहे. अशा वेळी कोणाचा शब्द चालेल? उत्तर ‘त्या-त्या वेळी बघू’ असे असेल, तर अजून माणूस नेमू नये. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नसलेला मॅनेजर हा केवळ निरोप्या होतो आणि अभियंत्यांना ते दोन आठवड्यांत कळते. तारखांवर आणि कामाच्या क्रमावर मॅनेजरचा शब्द अंतिम असावा, संस्थापकांना तो फिरवायचा असल्यास त्यांनी लेखी कारण द्यावे आणि त्यामुळे मागे पडणाऱ्या कामाची जबाबदारी स्वतः घ्यावी, अशी व्यवस्था मला सर्वांत निकोप वाटते.

आतला माणूस की बाहेरचा

कंपनीतील सर्वांत हुशार अभियंत्याला मॅनेजर करणे हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग आहे. तो चुकीचाच असतो असे नाही. त्या व्यक्तीला प्रणाली ठाऊक असते, लोकांचा विश्वास असतो आणि तिच्या मोठ्या पदाची बातमी इतरांनाही उमेद देते. मात्र हे पद बढती म्हणून देऊ नये. तो पेशातला बदल आहे, असे स्पष्ट सांगावे. ज्याला दिवसाच्या शेवटी आपण लिहिलेला कोड चालताना पाहण्यात समाधान आहे, त्याला मॅनेजरच्या कामात कित्येक आठवडे हाती काहीच लागले नाही असे वाटत राहते. त्या व्यक्तीला आधी तीन-चार जणांची जबाबदारी चार महिने द्यावी, परत अभियंता होण्याची वाट सन्मानाने खुली असल्याचे सर्वांसमोर सांगावे, आणि केवळ अभियंता राहूनही पगार तितकाच वाढू शकतो अशी रचना करावी. हा शेवटचा भाग टाळला, तर मॅनेजर होण्याची इच्छा नसलेले लोकही पगारासाठी ते पद मागतील.

बाहेरून माणूस आणायचा असेल, तर गोव्यातील परिस्थिती नीट समजून घेतली पाहिजे. येथे नव्या पदवीधरांची वाण नाही. १९६७ मध्ये सुरू झालेले फर्मागुढीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय, फातोर्ड्याचे डॉन बॉस्को, वेर्ण्याचे पाद्रे कॉन्सेसांव, झुआरीनगरचे बिट्स पिलानीचे संकुल, शिवाय एनआयटी आणि आयआयटी, एवढ्या लहान राज्याच्या मानाने ही संख्या चांगली आहे. उणीव आहे ती आठ-दहा वर्षे काम करून, त्यांतली दोन-तीन वर्षे टीम सांभाळलेल्या लोकांची. शिक्षण संपताच बंगळुरू, पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठण्याची रीत असल्यामुळे तो अनुभव राज्याबाहेर जमा झालेला आहे.

म्हणून उमेदवारांचे तीन गट समोर येतात. पहिला, बाहेर स्थिरावलेले आणि आता घरी परतू इच्छिणारे गोमंतकीय. आईवडिलांचे वय, गावातले घर, मुलांना येथे वाढवण्याची इच्छा अशी त्यांची कारणे टिकाऊ असतात. माझ्या मते पहिला शोध येथूनच सुरू करावा. महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी, आपल्याच अभियंत्यांचे वर्गमित्र आणि चतुर्थीला गावी येणारी मंडळी ही त्याची साधने आहेत. गणेश चतुर्थीच्या सुट्टीत घरी आलेला माणूस परतण्याविषयी जितका मोकळेपणाने बोलतो, तितका एरवी फोनवर बोलत नाही. दुसरा गट, घरून काम करण्याची मुभा मिळाल्यावर गोव्यात राहायला आलेले आणि दूरच्या कंपनीत काम करणारे अनुभवी लोक. त्यांना स्थलांतर करायचे नसते, हा मोठा फायदा. परंतु रोज कार्यालयात येऊन बारा जणांची जबाबदारी घेणे त्यांना हवे आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. तिसरा गट, केवळ ‘गोव्यात राहायला मिळेल’ म्हणून अर्ज करणारे. त्यांच्यातही उत्तम माणसे असतात, पण त्यांची परीक्षा अधिक काळजीपूर्वक घ्यावी. जूनमधला संततधार पाऊस, खंडित होणारी वीज, भाड्याच्या घराची वर्षभराची टंचाई यांची कल्पना त्यांना आधी द्यावी, आणि शक्य तर मुलाखतीची शेवटची फेरी पावसाळ्यात येथेच घ्यावी.

काही उमेदवार आठवड्यातून दोन दिवस विमानाने येण्याचा प्रस्ताव मांडतात. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून उत्तर गोव्यातील कंपन्यांना तो मोहात पाडतो. सगळी टीमच दूरवर विखुरलेली असेल, तर अशी व्यवस्था चालते. बारा जण पर्वरीच्या एका कार्यालयात बसतात आणि त्यांचा पहिला मॅनेजर मात्र बंगळुरूला, हे चालत नाही. कोणाचा चेहरा उतरला आहे, कोण दुपारी जेवायला एकटा जातो, हे त्या व्यक्तीला दिसतच नाही, आणि पहिल्या मॅनेजरचे निम्मे काम तेच आहे.

जाहिरात

जाहिरात एक पानाची असावी. कंपनी काय करते, टीममध्ये किती जण आहेत, पहिल्या सहा महिन्यांत काय व्हायला हवे, पगाराची मर्यादा आणि काम कोठून करायचे, एवढे पुरे. वर केलेल्या यादीतील महत्त्वाचे अधिकारही त्यात लिहावेत. चांगले उमेदवार तेच शोधत असतात. पंधरा तंत्रज्ञानांची नावे देऊ नयेत.

मुलाखती

ठरलेल्या प्रश्नांची, सर्वांना सारखी घेतलेली मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा अधिक भरवशाची असते, हे निवडप्रक्रियेवरील संशोधनात पुनःपुन्हा दिसून आले आहे. म्हणून प्रश्न आधी लिहावेत आणि प्रत्येक मुलाखतकाराने आपले मत इतरांशी बोलण्यापूर्वी लेखी नोंदवावे. संस्थापकांचे मत आधी ऐकले, की बाकीच्यांची मते नकळत त्यांच्याकडे झुकतात.

पहिली भेट संस्थापकांची. अधिकारांचा तो कागद उमेदवारापुढे ठेवून ‘यात काय कमी आहे?’ असे विचारावे. अनुभवी माणूस लगेच दोन-तीन जागी बोट ठेवतो: प्रॉडक्टचे निर्णय कोणाचे, टीम वाढवण्यासाठी पैसा आहे का, तांत्रिक संस्थापकांशी मतभेद झाल्यास काय. सगळे छान आहे असे म्हणून कागद परत देणाऱ्या उमेदवाराने हे काम पूर्वी खऱ्या अर्थाने केलेले नसण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी भेट लोकांविषयी. येथे मते विचारू नयेत, घडलेले प्रसंग विचारावेत. ‘तुमच्या टीममधील एखाद्याचे काम घसरत चालले होते, असा प्रसंग सांगा. तुम्हाला ते कधी कळले? तुम्ही त्यांना नेमके कोणत्या शब्दांत सांगितले? पुढे काय झाले?’ हा माझ्या दृष्टीने सगळ्या मुलाखतीतला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. ज्याने हे खरोखर केले आहे, त्याच्या उत्तरात तपशील असतो; बोललेली वाक्ये आठवतात, आपल्याकडून झालेला उशीर तो लपवत नाही आणि त्या व्यक्तीबद्दल बोलताना त्याच्या स्वरात आदर राहतो. ज्याने केलेले नाही, तो ‘संवाद महत्त्वाचा असतो’ अशी सर्वसाधारण विधाने करत राहतो. आणखी दोन प्रश्न विचारावेत: तुमच्या हाताखाली कोण मोठे झाले आणि त्यात तुमचा वाटा कोणता होता; आणि वरिष्ठांचा एखादा निर्णय चुकीचा वाटत असताना तुम्ही तो टीमला कसा सांगितला. दुसऱ्या प्रश्नात माणसाचा कस लागतो. टीमसमोर वरिष्ठांना दोष देऊन स्वतः चांगले ठरणारा मॅनेजर लहान कंपनीत दोन तट पाडतो.

तिसरी भेट तांत्रिक. अल्गोरिदमची कोडी घालू नयेत. आपल्याच धंद्यातला प्रसंग द्यावा: २८ डिसेंबर, रात्रीचे अकरा, एकाच खोलीची दोन-दोन आरक्षणे होऊ लागली आहेत आणि तीन हॉटेलांचे फोन येत आहेत. उमेदवार काय करील? नुकसान आधी थांबवणे, शेवटचा बदल मागे घेता येतो का ते पाहणे, हॉटेलांशी कोणी बोलायचे ते ठरवणे आणि दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याला फोनांपासून दूर ठेवणे हा क्रम त्याच्या बोलण्यात यावा. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्यास डेटाबेस काय करतो, हे त्याला समजले पाहिजे. ती दुरुस्ती त्याला स्वतः लिहिता आली नाही तरी चालेल. शेवटी विचारावे की, दुसऱ्या दिवशीची बैठक तो कशी घेईल. चूक कोणाची, यापासून सुरुवात करणारा उमेदवार मला चालणार नाही, कारण त्याच्या टीममध्ये पुढची चूक लपवली जाईल.

चौथी भेट थोडी निराळी असावी. संस्थापकांपैकी एकाने ज्येष्ठ अभियंत्याची भूमिका घ्यावी, ज्याला हे पद हवे होते आणि मिळाले नाही, आणि उमेदवाराने त्याच्याशी पहिली वन-ऑन-वन, म्हणजे फक्त दोघांची भेट घ्यावी. अर्धा तास पुरतो. उमेदवार किती ऐकतो, न पाळता येणारी आश्वासने देतो का, नाराजीचा विषय स्वतः काढतो की टाळतो, हे येथे जसे दिसते तसे कोणत्याही प्रश्नाने दिसत नाही. आपल्या कंपनीत असा अभियंता खरोखरच असेल, तर त्याला ही निवड बाहेरून होणार असल्याचे जाहिरात निघण्यापूर्वी संस्थापकांनी समोर बसून सांगायला हवे.

टीमलाही उमेदवाराशी संस्थापकांच्या अनुपस्थितीत बोलू द्यावे. अंतिम निर्णय टीमवर सोपवू नये, पण दोन ज्येष्ठ अभियंत्यांनी स्वतंत्रपणे ठाम नकार दिला, तर पुढे जाऊ नये.

गोव्यासंबंधी दोन गोष्टी या टप्प्यावर पाहाव्यात. येथील बहुतेक टीममध्ये आपसांत कोंकणी चालते, काहींची मराठी, आणि बाहेरून आलेल्यांशी हिंदी किंवा इंग्रजी. उमेदवाराला कोंकणी येत नसेल, तर बिघडत नाही. पण चहाच्या टेबलावर कोंकणीत ठरलेली तांत्रिक गोष्ट सर्वांना वाचता येईल अशी लिहून ठेवण्याची शिस्त तो कशी लावील, हे विचारावे. दुसरे, ‘गोव्यातली माणसे संथ असतात’ हा समज मनात घेऊन येणारा माणूस वेळीच ओळखावा. कामाच्या वेळेनंतर घरी जाणे आणि गावच्या जत्रेला रजा घेणे यांना तो बेफिकिरी मानत असेल, तर त्याच्या हाताखाली चांगली माणसे राहणार नाहीत.

लग्न, मुले, जोडीदाराची नोकरी असे प्रश्न कोणालाही विचारू नयेत. त्याऐवजी घरभाडी, शाळा, ये-जा आणि पावसाळा यांची माहिती देणारे एक टिपण सर्व उमेदवारांना सारखेच द्यावे. ज्याला जे लागेल ते तो स्वतः विचारील.

पूर्वीच्या सहकाऱ्यांकडून चौकशी

उमेदवाराने दिलेल्या वरिष्ठांच्या नावांवर थांबू नये. त्याच्या हाताखाली काम केलेल्या दोघांशी तरी बोलण्याची परवानगी त्याच्याकडून घ्यावी आणि त्यांना एकच प्रश्न विचारावा: ‘पुन्हा त्यांच्या हाताखाली काम कराल का, आणि का?’ उत्तरापूर्वीचा क्षणभराचा थांबाही ऐकावा. गोवा लहान आहे, कोणाचा ना कोणाचा नातलग त्या कंपनीत निघतोच. तरीही उमेदवाराच्या सध्याच्या कंपनीत त्याच्या संमतीवाचून चौकशी करणे पूर्णपणे टाळावे. एका फोनमुळे त्याची आहे ती नोकरी अडचणीत येऊ शकते, आणि हे प्रकरण बाहेर आले, की पुढचे चांगले उमेदवार आपल्याकडे येत नाहीत.

प्रस्ताव आणि रुजू होण्याचा काळ

मोठ्या शहरातल्या पगाराशी लहान कंपनी बहुधा बरोबरी करू शकत नाही आणि त्यामुळे ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क देण्याचा विषय निघतो. त्याविषयी गुळगुळीत बोलू नये. कंपनीचे एकूण किती शेअर आहेत आणि त्यांतील किती टक्के दिले जात आहेत, हे लिहून द्यावे. केवळ शेअरची संख्या सांगणे दिशाभूल करणारे असते. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार ईसॉप दिल्यापासून तो हक्क पक्का होईपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. तसेच शेअर प्रत्यक्ष घेताना त्यांची बाजारकिंमत आणि भरलेली किंमत यांतील फरक पगाराचा भाग समजून त्यावर कर लागतो, म्हणजे हातात रोकड येण्यापूर्वी कर भरावा लागू शकतो. हे आपण आधी सांगितले, तर विश्वास वाढतो. उमेदवाराला नंतर कळले, तर तो विश्वास कायमचा जातो.

आपल्याकडील सॉफ्टवेअर कंपन्यांत ६० ते ९० दिवसांचा नोटीस पिरिअड सर्रास असतो. शोधाला तीन महिने धरले, तर सुरुवातीपासून रुजू होईपर्यंत अर्धे वर्ष जाते. पर्यटनावर अवलंबून असलेल्या कंपनीने म्हणून शोध जानेवारीत सुरू करावा, म्हणजे ती व्यक्ती जुलैत येते, पावसाळ्याच्या शांत महिन्यांत प्रणाली आणि माणसे समजून घेते आणि ऑक्टोबरला तयार असते. नोव्हेंबरमध्ये रुजू झालेला मॅनेजर शिकण्यापूर्वीच आगी विझवू लागतो. नोटीसच्या काळात दर पंधरा दिवसांनी त्या व्यक्तीशी बोलावे, टीमच्या एखाद्या जेवणाला बोलवावे. जुनी कंपनी वाढीव पगार देऊन तिला थांबवण्याचा प्रयत्न याच काळात करते.

पहिले तीन महिने

रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी संस्थापकांनी सर्वांसमोर, तो कागद हातात घेऊन, कोणते निर्णय आजपासून कोणाचे ते वाचून दाखवावे. हे औपचारिक वाटले तरी करावे. त्यानंतरची खरी कसोटी संस्थापकांची असते. वर्षानुवर्षे त्यांच्या टेबलाशी येण्याची सवय असलेला अभियंता दुसऱ्याच दिवशी येऊन विचारतो की, हे काम आधी करू की ते. उत्तर ठाऊक असते, पाच सेकंदांत देता येते, आणि तरीही त्याला नव्या मॅनेजरकडे पाठवायचे असते. असे दहा वेळा केले, तरच अधिकार खरोखर हस्तांतरित होतो. तांत्रिक संस्थापकांना हे विशेष जड जाते, कारण प्रत्येक ओळ त्यांच्या ओळखीची असते. त्यांच्यासाठी या काळात एखादे स्वतंत्र, मोठे तांत्रिक काम आधीच ठरवून ठेवावे.

पहिला महिना मॅनेजरने ऐकण्यात घालवावा. प्रत्येक अभियंत्याशी दर आठवड्याला अर्ध्या तासाची वन-ऑन-वन भेट, ऑन-कॉलच्या एका-दोन रात्री सोबत बसणे, आणि एखाद्या हॉटेलच्या रिसेप्शनवर अर्धा दिवस उभे राहून आपले सॉफ्टवेअर कसे वापरले जाते ते पाहणे. टीमची फेररचना या महिन्यात करू नये. दुसऱ्या महिन्यात सर्वांना सलणारी एकच गोष्ट, उदाहरणार्थ रखडणारे कोड रिव्ह्यू, निवडून ती सुधारावी. तिसऱ्या महिन्यापासून नव्या भरतीची आणि वार्षिक मूल्यमापनाची सूत्रे त्या व्यक्तीकडे जावीत. मॅनेजरने कोड लिहावा का, असे नेहमी विचारले जाते. लहानसहान दुरुस्त्या जरूर कराव्यात, त्यामुळे प्रणालीशी नाते राहते. मात्र ज्यावाचून रिलीज अडेल असे काम स्वतःकडे घेऊ नये.

एका कायदेशीर गोष्टीची पहिल्याच आठवड्यात खात्री करून घ्यावी. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कंपनीत कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. अशी तक्रार कानावर आली, तर ती आपसांत मिटवायची नसून तक्रारदाराला समितीकडे जाण्यास साहाय्य करायचे आहे, हे मॅनेजरला माहीत हवे. वाढत्या कंपन्यांत समितीच स्थापन झालेली नसते, असे आढळते. तसे असेल तर प्रथम ती स्थापन करावी.

संस्थापक आणि मॅनेजर यांनी आठवड्यातून एक तास भेटावे आणि ती भेट हंगामाच्या गर्दीतही रद्द करू नये. संस्थापकांनी अभियंत्यांशी महिन्यातून एकदा थेट बोलायला हरकत नाही, मात्र त्या बोलण्यात काम सोपवू नये.

काम कसे चालले आहे, हे कशावरून पाहावे? कोडच्या ओळी किंवा कार्यालयात बसलेले तास मोजू नयेत. बदल किती वेळा आणि किती लवकर ग्राहकांपर्यंत पोचतात, त्यांतील किती बिघडतात आणि बिघडल्यावर किती वेळात सावरतात, ही चार मापे तांत्रिक बाजूसाठी पुरेशी आहेत. माणसांच्या बाजूने मी दोन गोष्टी पाहीन: वाईट बातमी संस्थापकांपर्यंत किती लवकर येते, आणि कोणत्याही अभियंत्याला ‘तुझे काम कसे चालले आहे, असे मॅनेजरला वाटते?’ हे विचारले असता त्याला उत्तर देता येते का. ज्या टीममध्ये बारापैकी दहा जणांना ते उत्तर ठाऊक आहे, तेथे पहिली निवड बरोबर झाली आहे असे मानायला हरकत नाही.

सहा महिन्यांनंतरही जमत नसेल, तर आधी तो कागद काढावा आणि ठरलेले अधिकार खरोखर दिले गेले होते का, याचा प्रामाणिक हिशेब करावा. दिलेले नसतील, तर ते देऊन आणखी तीन महिने थांबावे. दिले असतील आणि तरीही टीमचा विश्वास बसत नसेल, तर निर्णय लांबवू नये. त्या व्यक्तीला समोर बसवून कारणे स्पष्ट सांगावीत, नोटीसचा पूर्ण पगार द्यावा आणि स्थलांतर करून आलेली असल्यास घर बदलण्याचा खर्चही उचलावा. टीमला त्याच दिवशी, कोणालाही दोष न देता, कळवावे. वन-ऑन-वन भेटी संस्थापकांनी तात्पुरत्या स्वतःकडे घ्याव्यात, आणि या अनुभवातून अधिकारांच्या यादीत जे बदलायचे ते बदलून झाल्यावरच पुढचा शोध सुरू करावा.